गंधक पाणी तापवत नाही: कोकणातल्या ऊन पाण्याच्या कुंडांमागचं विज्ञान

राजापूरजवळ उन्हाळे, दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. कोकण सोडून आत गेलात तर जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर. ही नावं ठेवणाऱ्यांनी फार डोकं खाजवलेलं नाही. 'ऊन ऊन भात' म्हणताना जो ऊन आपण म्हणतो, तोच हा. जमिनीतून ऊन पाणी येतं त्या जागेला जुन्या मराठीत 'उन्हाळं' असा शब्दच होता. आता तो फक्त गावांच्या नावांत उरलाय, बाकी सगळीकडे 'गरम पाण्याचं कुंड'.

अशा कुठल्याही कुंडाच्या काठावर उभं राहून विचारा, पाणी तापतं कशानं? नारळ-अगरबत्ती विकणाऱ्या मावशींपासून सहलीला पोरं घेऊन आलेल्या गुरुजींपर्यंत उत्तर एकच: "खाली गंधक आहे ना!" वास येतो, म्हणजे गंधक आहे. गंधक काडेपेटीत असतं, फटाक्यात असतं, म्हणजे जळतं. खाली गंधक जळतंय आणि वर पाणी तापतंय. साखळी इतकी चोख आहे की शंका घ्यायला जागाच राहत नाही. फक्त ती उलटी आहे.

आधी वासाचं बघू. शुद्ध गंधकाचं पिवळं ढेकूळ हातात घेऊन हुंगलं तर जवळजवळ काहीच वास येत नाही. नाव गंधक आणि स्वतःला गंध नाही! फटाका उडाल्यावर नाकात झोंबतो तो गंधक जळून झालेला सल्फर डायऑक्साइड. कुंडावर येतो तो नासक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा दुसरा वायू जळण्यातून होत नाही. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा खोल जागी, पाण्यात विरघळलेल्या सल्फेटपासून जिवाणू किंवा रासायनिक क्रिया तो तयार करतात. त्यात आपलं नाक या वायूच्या बाबतीत कमालीचं तिखट. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपल्याला वास येतो. त्यामुळे वास खूप म्हणजे गंधक खूप, हा हिशेब मुळातच चुकतो.

आता जळण्याचं बघू, आणि इथे सरळ गणितच मांडू. समजा एका झऱ्यातून सेकंदाला १ लिटर पाणी येतंय, ७० अंश सेल्सिअसचं. कोकणात जमिनीखालचं साधं पाणी साधारण २७ अंशांचं असतं. म्हणजे दर सेकंदाला लिटरभर पाणी ४३ अंशांनी तापवायचं. याला १८० किलोवॉट लागतात. न्हाणीघरातले २ किलोवॉटचे ९० गीझर रात्रंदिवस चालू ठेवले तर एवढी उष्णता मिळेल. तेवढीच गंधक जाळून मिळवायची तर रोज जवळपास पावणेदोन टन गंधक हवं, वर्षाला ६०० टनांहून जास्त. शिवाय ते जाळायला तेवढ्याच वजनाचा प्राणवायू जमिनीच्या पोटात रोज पोचवायला हवा. आपल्याकडे पेशवाईपासून नावाजलेली कुंडं आहेत. तीनशे वर्षांचा हिशेब केला तर एका लहानशा झऱ्यापायी पावणेदोन लाख टनांहून जास्त गंधक संपलेलं असायला हवं.

एवढं गंधक खरंच जळत असतं तर पाणी सणसणीत आम्लधर्मी झालं असतं. कोकणातल्या कुंडांचं पाणी मात्र उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी आहे. तेव्हा गंधक पाणी तापवत नाही. आधीच तापलेलं पाणी खडकातून जाताना जे जे विरघळेल ते घेऊन वर येतं, आणि त्यात थोडंसं गंधकही असतं.

दुसरं आवडतं उत्तर ज्वालामुखीचं. सह्याद्री लाव्ह्याचा बनलाय हे शाळेत शिकलेलो असतो, म्हणून वाटतं की ती धग अजून खाली असेल. पण हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. चुलीतली राख दुसऱ्या दिवशीही कोमट लागते, हे खरं. इथे मात्र चूल विझून डायनासोर संपले, माणूस आला, तरी आपण राखेत हात घालून ऊब शोधतोय. कोकणाखाली आज तापलेला शिलारस नाही.

मग आहे काय? आहे ती नुसती खोली.

जमिनीत जितकं खाली जावं तितका खडक तापत जातो. पृथ्वी जन्मली तेव्हाची उष्णता अजून पुरती बाहेर पडलेली नाही, आणि खडकांतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम सावकाश क्षय पावताना नव्यानं उष्णता देत असतं. ग्रॅनाइटमध्ये हे घटक बेसाल्टपेक्षा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकापेक्षा, जास्त. तापमान वाढण्याचा दर जागोजागी वेगळा असला, तरी जगभरची सरासरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांची आहे. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि तिथे तळाशी खडकाचं तापमान साठीच्या पुढे असे. खालचा भाग माणसांना काम करण्याजोगा ठेवायला थंड हवा सोडावी लागे. तिथे ना ज्वालामुखी होता, ना गंधकाची भट्टी.

म्हणजे पावसाचं पाणी दोन-तीन किलोमीटर खाली नेलं आणि वाटेत थंड होऊ न देता झटपट वर आणलं, की झालं ऊन पाणी. खरी अडचण तापवण्याची नाहीच. उष्णता सगळीकडे आहे, तुम्ही हे वाचताय त्या खुर्चीखालीही. अडचण आहे ती वाटेची. एवढं खोल जायला आणि परत यायला भेग लागते, आणि भेगा काही सगळीकडे नसतात.

कोकणात त्या आहेत. कडक झालेली जाड भाकरी काठाजवळ दाबून वाकवा. ती एकदम तुटत नाही. आधी वळते आणि वळणाला समांतर अशा बारीक चिरा पडतात. आपल्या किनाऱ्याचं तसंच झालंय. लाव्हा ओतला जात होता त्याच्या मागेपुढेच भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा सुटून समुद्रात दूर गेला. आजची सेशेल्स बेटं म्हणजे त्याचाच भाग. जमीन ताणली गेली, किनाऱ्याचा भाग समुद्राकडे खचला, वाकला. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर वहीची पानं ठेवावीत तसे आडवे दिसतात, तेच पनवेलच्या परिसरात पश्चिमेकडे कललेले सापडतात. भूशास्त्रात या वळणाला पनवेलचंच नाव आहे. या उलथापालथीत किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण लांबच लांब भेगा पडल्या.

आता नकाशावर कुंडं मांडा. पालघरकडे कोकनेरे आणि सातिवली, मग तानसा नदीकाठी अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीचा परिसर, खाली पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळ सावित्रीकाठचं सव, मग उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. तीनशेहून अधिक किलोमीटरांत अठराएक ठिकाणी मिळून साठेक झरे, आणि सगळे समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एका माळेत ओवल्यासारखे. देव, देवी, राक्षस प्रत्येक ठिकाणचे वेगळे; भेगांची माळ मात्र एकच.

पाणी वर का येतं, याचं उत्तर सह्याद्री. घाटावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. त्यातलं थोडं पाणी भेगांतून खाली उतरतं आणि वरच्या पाण्याचं वजन त्याला ढकलत राहतं. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर असतो, तसंच. त्यात तापलेलं पाणी हलकं होतं, म्हणून तेही वर यायला बघतं. बाहेर पडायला ते सखल जागा शोधतं. म्हणूनच ही कुंडं बहुतेक नदीकाठी किंवा खोलगट भागात असतात, डोंगराच्या टोकावर नसतात.

हा प्रवास किती वेळ चालतो? पाण्यात ट्रिटियम किती आहे ते मोजून अंदाज येतो. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी तो पावसात भरपूर मिसळला आणि सुमारे १२ वर्षांत निम्मा होतो. तुरळ-राजवाडीच्या पाण्यात तो नगण्य सापडतो. म्हणजे आज तिथे तुम्ही जे पाणी अंगावर घेता, त्यातलं बरंचसं त्या चाचण्यांच्या कितीतरी आधी पाऊस होऊन पडलेलं आहे.

खाली ते किती तापलं होतं, हेही पाणीच सांगतं. गरम चहात साखर जास्त विरघळते, गार सरबतात तळाशी राहते. वाळूतला मुख्य घटक सिलिका, त्याचं पाण्यात असंच आहे, आणि वर येताना पाणी थंड झालं तरी विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही. त्यामुळे कुंडाच्या पाण्यातली सिलिका मोजली की खालच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. कोकणात तो १०० अंशांच्या पुढे जातो. पण वर सर्वांत गरम उन्हवऱ्याचं पाणी, तेही सुमारे ७१ अंश. कुठे कुठे तर जेमतेम ३५. मधली ऊब गेली कुठे? थोडी वाटेतल्या खडकांनी खाल्ली, आणि बरीचशी वरच्या थंड भूजलात मिसळल्यामुळे गेली. एकाच आवारात हातभर अंतरावरच्या दोन कुंडांपैकी एकात पाय बुडतो आणि दुसऱ्यात बोटही ठेववत नाही, त्याचं कारण हेच. देवीचा कोप वगैरे नाही, मिश्रणाचं प्रमाण वेगळं.

पाण्यात मीठही जाणवतं. समुद्र इतका जवळ असल्यानं हा खारटपणा कुठून आला यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काहींच्या मते समुद्राचं जुनं पाणी मिसळलंय, काहींच्या मते लाव्ह्याखालच्या ग्रॅनाइटमधून क्लोराइड आलंय. सगळ्या कुंडांना एकच उत्तर लागू पडेल असं मला तरी वाटत नाही.

कुंडावर गेलात तर घाईनं कपडे काढून उडी मारण्याआधी दोन मिनिटं काठावर बसून नुसतं बघा. तळातून बुडबुडे येतात, आणि शेजारचा कुणीतरी "उकळतंय बघ" म्हणतो. ते उकळणं नाही. उकळायला शंभरच्या आसपास तापमान लागतं. ते बुडबुडे बहुतांशी नायट्रोजनचे. पावसाच्या पाण्याबरोबर विरघळून हवा खाली गेली, प्राणवायू वाटेत खडकांनी वापरला, नायट्रोजन तसाच परत आला. सोबत थोडा हेलियम असतो, तो खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून सुटलेला. खालच्या भट्टीचा धूर कुठला म्हणायचा असेल तर तो हेलियम.

मग काठाचा रंग बघा. पाणी जिथून उसळतं तिथला दगड बऱ्याचदा स्वच्छ, उघडा असतो. थोडं पुढे, पाणी वाहून निवायला लागलं की, हिरवट किंवा नारिंगी बुळबुळीत थर सुरू होतो. हे उष्णता सोसणारे जिवाणू, त्यातले हिरवे सूर्यप्रकाशावर जगणारे. प्रकाशावर जगणाऱ्या कुठल्याही जीवाला साधारण ७३ अंशांपुढे जगता येत नाही. त्यामुळे उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी हिरवा रंग या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर उभा असतो. तापमापक नसेल तरी चालेल. जिथे काहीच उगवलेलं नाही तिथे हात घालू नका.

सत्तर अंशांच्या पाण्यात अंडं ठेवलं तर गंमत होते: पिवळा बलक घट्ट होतो आणि पांढरं मऊ, थरथरतं राहतं, कारण बलक पांढऱ्याच्या आधी गोठतो. घरच्या उकळत्या पाण्यात नेमकं उलटं होतं. आपल्याकडची बहुतेक कुंडं देवळाला लागून, तेव्हा हा प्रयोग तिथे करू नका, गुरव हाकलून देईल. जपानात मात्र असं अंडं हा रीतसर खाद्यपदार्थ आहे.

जपानचा विषय निघालाच आहे तर बेप्पूचं सांगतो. क्यूशू बेटावरचं हे समुद्रकाठचं शहर, पाण्याची उगमस्थानं दोन हजारांहून जास्त, गटाराच्या झाकणांतूनही वाफा. किनाऱ्याजवळ १८७९ पासून चालत आलेलं ताकेगावारा नावाचं स्नानगृह आहे. तिथे माणसाला झऱ्याच्या पाण्यानं तापलेल्या वाळूत मानेपर्यंत पुरून ठेवतात. दिसायला कोकणच. समोर समुद्र, पाठीशी डोंगर, मधल्या पट्टीत ऊन पाणी. पण पाठीशी आहे तो १,३७५ मीटर उंचीचा त्सुरुमी, जिवंत ज्वालामुखी. तिथली भट्टी खरोखरची, म्हणून काही ठिकाणी पाणी शंभरीला टेकतं आणि आम्लाचे झरेही सापडतात. आपल्याकडे डोंगर विझलेला आणि काम नुसत्या खोलीवर चाललेलं. वर दिसणारं कुंड तेच, खालची यंत्रणा पूर्ण निराळी.

जपानचा १९४८ चा गरम झऱ्यांचा कायदाही मजेशीर आहे. जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी २५ अंश किंवा जास्त असेल, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक पुरेशा प्रमाणात असेल, तर तो 'ओन्सेन'. या व्याख्येनं पाहिलं तर आपल्या कोकणातल्या जवळपास प्रत्येक परसातली विहीर ओन्सेन ठरेल. तिकीट लावायला हरकत नाही.

आता खरा प्रश्न. या पाण्यानं बरं वाटतं का?

वाटतं. साधारण ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात, आणि पाणी अंगाचं बरंचसं वजन उचलत असल्यानं दुखऱ्या गुडघ्यावरचा भार उतरतो. गुडघ्याची झीज आणि जुनी पाठदुखी यांवर झालेल्या अभ्यासांत काही काळ वेदना कमी झाल्याचं दिसलंय. मात्र असे अभ्यास बहुतेक लहान असतात आणि त्यांत एक न सुटणारी अडचण आहे: गोळी साखरेची आहे की औषधाची हे रुग्णापासून लपवता येतं, तो ऊन पाण्यात बसलाय हे कसं लपवणार? शिवाय कुंडावर गेलेला माणूस चार दिवस कामातून सुटलेला असतो, हे वेगळंच औषध.

माझं मत विचाराल तर यातला मोठा वाटा उष्णतेचा आणि तरंगण्याचा, खनिजांचा फार थोडा. कातडीच्या रोगांबाबत गंधकाचं नाव पूर्ण खोटं नाही. खरजेवर गंधकाचं मलम खरोखर वापरतात, पण त्यात गंधक ५ ते १० टक्के असतं, म्हणजे किलोमागे ५० ते १०० ग्रॅम, आणि ते रात्रभर अंगावर राहतं. कुंडाच्या लिटरभर पाण्यात फार तर काही मिलिग्रॅम. मलमाचं काम डुबकीनं होणार नाही.

आणि बरं व्हायला येणाऱ्यांतच काहींना धोका सगळ्यांत जास्त. ७० अंशांच्या पाण्यानं सेकंदभरात कातडी खोलवर भाजते. धडधाकट माणूस त्याआधीच हात मागे ओढतो. जुना मधुमेह किंवा कुष्ठरोग यांनी ज्यांच्या पायांची जाणीव गेलेली असते, त्यांना चटका कळतच नाही. "मला काही इतकं गरम लागत नाही" म्हणत ते पाय सोडून बसतात आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपरानं तपासून द्यावं. कुष्ठरोग तर कुंडानं जातच नाही. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या औषधांनी सहा महिने ते वर्षभरात बरा होतो. हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील किंवा पोटात दारू असेल तर ऊन पाण्यात फार वेळ बसू नये. रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

कोमट, साठलेल्या, गर्दीच्या कुंडात आणखी एक पथ्य पाळावं: डोकं पाण्याखाली घालू नये. अशा पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा अमीबा असू शकतो. असा संसर्ग फार क्वचित होतो, पण झालाच तर जवळजवळ नेहमीच प्राणघातक. पाणी सतत वाहतं आणि बदलतं असं कुंड साठलेल्या कुंडापेक्षा कधीही चांगलं, मग ते दिसायला कितीही साधं असो.

राहता राहिलं तीर्थ म्हणून पिणं. ग्रॅनाइटमधून आलेल्या गरम पाण्यात बऱ्याचदा फ्लोराइड जास्त असतं. चमचाभर तीर्थानं काही होत नाही, रोजच्या पिण्याला मात्र ते नको. तरीही परतताना काठावर बाटल्या भरणारे दिसतातच. बाटलीतलं पाणी गाडीत बसेपर्यंत निवायला लागतं. झाकण दोनदा उघडलं की हायड्रोजन सल्फाइड उडून जातो, त्यामुळे वासही उरत नाही. पनवेल ओलांडेपर्यंत बाटलीत जे राहतं ते जरासं खारट, फार जुन्या पावसाचं गार पाणी.